ज्ञानांबाळचं हसू राहिलं

१

के. आर. ज्ञानांबाळ पडद्यावर अकरा वेळा मेल्या. पहिल्यांदा मेल्या ते विहिरीत उडी टाकून. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या आणि तंबूच्या थिएटरात वाळूवर बसलेल्या बाया तोंडात पदर कोंबून रडल्या होत्या. मग क्षयानं, मग तलवारीनं, मग सवतीनं दिलेल्या विषानं. नायिकेची कामं संपून आईची सुरू झाली तशी मरणं वाढलीच. आमच्या मद्रासच्या सिनेमात आईला मरावंच लागतं, त्याशिवाय मुलगा काही सुधारत नाही.

अकराही वेळा शॉट संपला की त्या उठून बसायच्या, गळ्यातला हार काढून बाजूला टाकायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसायच्या. कॅमेरा ते हसू टिपायचा आणि मगच बंद व्हायचा. हा इथला रिवाज. प्रेत झालेल्या नटाला हसताना टिपलं नाही, तर खोटं मरण खरं होतं म्हणतात. कोडंबाक्कममध्ये, आमच्या या स्टुडिओंच्या वस्तीत, देव न मानणारे हवे तेवढे भेटतील, पण हे न मानणारा शोधून सापडायचा नाही.

बाराव्या वेळी, टीव्हीच्या मालिकेत, ते हसू राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मेकअपवाली अंजलै कॉफी घेऊन खोलीत गेली, तर बाई थंडगार पडलेल्या.

डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं, कारण बाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि हृदयाची औषधं चालूच होती. संध्याकाळच्या आत अग्नी दिला. पण डॉक्टरचं कोण ऐकतो? खरं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. हसू घेतलं नव्हतं. आणि न घेणारा होता कदिरवन, पुण्याहून सिनेमा शिकून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा शहाणा दिग्दर्शक.

तोच कदिरवन पंधरवड्यानं पश्चिम मांबलमला, निवृत्त पोलीस अधिकारी अरवामुदन यांच्या ओसरीवर येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"सार," तो म्हणाला, "मी असलं काही मानत नाही. पण तुम्ही चाळीस वर्षं खुनी पकडलेत, म्हणून विचारायला आलो. मी मारलं का त्यांना?"

२

ज्ञानांबाळच्या पहिल्या मरणाला कुंभकोणमच्या तंबूत वाळूवर बसून जी पोरं रडली, त्यांत अरवामुदनही होता. कोपऱ्यात आरामखुर्चीवर त्याचे मोठे भाऊ, अण्णा, पेपर वाचत होते. त्यांच्या हाताला कायमचं कापरं, त्यामुळे घरभर पेपरची फडफड ऐकू यायची.

"आधी कॉफी घे," अरवामुदन म्हणाला. "आणि सगळं नीट सांग. मधलं काही गाळू नकोस."

"काय सांगू, सार? कामगार संघानं माझ्यासोबत काम करायला बंदी घातलीय. मालिका बंद पडली. माझी आई माझ्या हातचं पाणी घेताना थबकते. सख्खी आई."

"त्या दिवसाचं सांग."

कदिरवननं तोंडावरून हात फिरवला. "आजीच्या मरणाचा सीन होता. ओसरीवर प्रेत, आणि शेजारी आजीची धाकटी बहीण, ते काम पंकजवल्ली अम्मांचं. तीन पानांचा विलाप. सकाळी तीन टेक झाले आणि तिन्ही वाया गेले."

"का?"

"ज्ञानांबाळ अम्मांच्या उजव्या हाताला कापरं होतं. दोन वर्षं झाली असतील. इकडे पंकजवल्ली अम्मा जीव तोडून रडतायत आणि तिकडे प्रेताचा हात थरथरतोय. तिसऱ्या टेकला मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पंकजवल्ली अम्मा ताडकन उठून गेल्या."

"हातावर चादर टाकायची होती."

"म्हटलं ना मी. पण तोच हात कपाळाला लावून पंकजवल्ली अम्मांना रडायचं होतं. त्या ऐकेनात. ज्ञानांबाळ अम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, तंबी, बाळा, म्हातारीला सांभाळून घे, जेवल्यावर हात हलणार नाही बघ. तिथेच दोघी जेवायला बसल्या. दही-भात, लोणचं. पंकजवल्ली अम्मांच्या फ्लास्कमधली कॉफी. दोघींचा तो एकच फ्लास्क, वर्षानुवर्षांचा. त्या दिवशी मात्र पंकजवल्ली अम्मांनी ताकच घेतलं. कॉफीनं घसा कोरडा पडतो, रडायचंय म्हणाल्या."

"मग?"

"चौथा टेक पहिल्या झटक्यात. हात जरासुद्धा हलला नाही. अख्खा सेट रडला, सार. मी रडलो." त्यानं कॉफीचा पेला बाजूला सरकवला. "मग कॅमेरावाला म्हणाला, हसू घ्यायचं राहिलं. मी चेष्टा केली. म्हटलं, मेलेल्याला कशाला उठवता? तेवढ्यात पंकजवल्ली अम्मा म्हणाल्या, झोपलीय बिचारी, दमली, उजेड जातोय, माझे जवळचे शॉट घेऊन टाक, उठली की हसवू. मग ते राहूनच गेलं. माझी चेष्टा तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली."

"घरी कोणी नेलं?"

"पंकजवल्ली अम्मांनी, स्वतःच्या गाडीतून. उचलूनच ठेवावं लागलं."

अण्णांच्या पेपरची फडफड थांबली होती. ते खुर्चीतच पेंगले होते. अरवामुदनचं तिकडे लक्ष नव्हतं. तिथेच चुकलं त्याचं. नाहीतर पुढचे दोन दिवस वाचले असते.

३

राजा अण्णामलैपुरम वस्तीतल्या ज्ञानांबाळच्या घरात त्यांच्या फोटोला हार घातला होता आणि अंजलै त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. तिनं तीस वर्षं बाईंच्या तोंडाला रंग लावला होता आणि तीस वर्षं पुसलाही होता.

"पोलीस?" तिनं वर न बघताच विचारलं. "आता काय राखेची चौकशी करता?"

"पोलीस होतो. आता पेन्शनवाला आहे. बाईंचा चाहता म्हणून आलोय समज."

"चाहते सगळे मयताला आले होते, सार. फोटो काढून घेतले आणि गेले."

अरवामुदननं ते ऐकून घेतलं. पोलिसी नोकरीत त्यानं याहून कडू ऐकलं होतं, आणि अंजलै खोटं बोलत नव्हती.

"अंजलै, त्या हसण्याचं सांग. बाई मानायच्या?"

"मानायच्या?" अंजलै पहिल्यांदा नीट त्याच्याकडे वळली. "अहो, दिग्दर्शक विसरला तर त्याच्यावर खेकसायच्या! एकदा क्षयाच्या सीननंतर स्टुडिओतली वीजच गेली. सगळे म्हणाले, चला घरी. अम्मा गळ्यात प्रेताचा हार घालून तशाच बसून राहिल्या. पाण्याचा घोट घेईनात. वीज आली, कॅमेरा फिरला, ह्या हसल्या, आणि मगच म्हणाल्या, अंजलै, आता पाणी दे. कुणी सांगायची वाट बघणारी बाई नव्हती ती. शॉट संपला की पहिल्यांदा हसू, मग बाकीचं जग."

"मग त्या दिवशी स्वतः का नाही उठल्या?"

पंधरवडाभर साऱ्या गावानं कदिरवनला शिव्या घातल्या होत्या, पण हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. अंजलैलाही नाही.

"तू कुठे होतीस?" अरवामुदननं हळूच विचारलं.

"मला जेवणाच्या वेळीच घरी पाठवलं. पंकजवल्ली अम्मांनीच. म्हणाल्या, जा, तिच्यासाठी गरम रसम करून ठेव, मी आणते तिला. मी असते तर हलवून उठवलं असतं हो! आणली तेव्हा मला वाटलं, दमल्यात. अंथरुणावर टाकलं, पांघरूण घातलं. रसम तसंच राहिलं."

तिचे डोळे भरून आले. अरवामुदन थांबला.

"शेवटचं एक विचारतो. हसू राहिलं, म्हणून असं झालं, हे तुला पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"म्हणालं कसलं, सगळ्यांदेखत ओरडलं. पंकजवल्ली अम्मा. प्रेतावर पडून छाती पिटत होत्या. ज्ञानम, तुला हसवलं नाही गं त्या पोरानं! सगळ्या बाया शहारल्या. तोवर ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं."

४

कदिरवननं टेप मिळवली. चारही टेक त्यावर होते.

पहिल्या तिन्हींत उजवा हात थरथरत होता. बाई ओठ घट्ट मिटून तो रोखायचा प्रयत्न करत होत्या, आणि तो जास्तच थरथरत होता. बघवत नव्हतं. एवढी मोठी नटी, चेहऱ्यावरची रेष न् रेष जिच्या ताब्यात, ती स्वतःच्या हातापुढे हरली होती.

चौथ्यात हात निपचित होता. पंकजवल्लीनं तो उचलून कपाळाला लावला, गालावर फिरवला, सोडला. तो धप्पकन खाली पडला आणि पडला तसाच राहिला. छाती मात्र संथ वर-खाली होत होती. इतकी संथ की नीट बघितल्याशिवाय कळू नये.

"काय अभिनय, सार," कदिरवन पुटपुटला.

अरवामुदन घरी आला तो चिडूनच. काहीतरी समोर असूनही दिसत नव्हतं, आणि असं झालं की त्याला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. बायको, कोदै, अण्णांच्या अंगावर पंचा घालत होती.

"चपला काढून या, आणि हळू," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"झोपू दे. मला काय करायचंय?"

"तुम्हाला नाही, त्या हाताला करायचंय. दिवसभर बिचारा नाचत असतो. झोपेत काय ती विश्रांती. जागेपणी कितीही दाबून धरला तरी थांबतो का?"

अरवामुदन तिथेच उभा राहिला. अण्णांचा हात खुर्चीच्या दांड्यावर निवांत पडला होता. बोटसुद्धा हलत नव्हतं.

"कोदै," तो म्हणाला, "मी गाढव आहे."

"बरं झालं, कळलं," ती म्हणाली. "आता जेवून घ्या."

पण तो चपला न काढताच परत वळला होता.

५

पंकजवल्लीनं त्याचं स्वागत अगदी सिनेमातल्यासारखं केलं. पांढरी साडी, कपाळावर विभूती, हातात रुमाल. दिवाणखान्यात तिचे फोटो होते, आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत पुढे ज्ञानांबाळ उभ्या होत्या आणि मागे ही. कुठे सखी, कुठे दासी, कुठे धाकटी जाऊ.

"बसा, इन्स्पेक्टर सार. कॉफी घ्या. मी तर तिसऱ्यांदा घेतेय. ती गेल्यापासून झोप म्हणून नाही. रोजच्या गोळ्या घेते, त्यांचाही उपयोग नाही."

"एवढी कॉफी घसा कोरडा करत नाही?"

"मला? अहो, रडायचा सीन असला की आधी कॉफी लागतेच मला. त्याशिवाय आवाज फुटत नाही. चाळीस वर्षांची खोड."

अरवामुदननं पेला खाली ठेवला. त्याला एकदम दमल्यासारखं झालं. आरोपी सापडला की पूर्वी त्याला हुरूप यायचा. आज नुसतं वाईट वाटलं.

"त्या दिवशी मात्र तुम्ही ताक घेतलंत," तो म्हणाला. "तीन पानं रडायचं होतं, तरी."

तिनं स्वतःचा पेला हलकेच खाली ठेवला.

"अम्मा, माझे भाऊ आहेत. त्यांच्या हाताला असंच कापरं आहे. जागेपणी देव आला तरी ते थांबत नाही. थांबतं फक्त झोपेत. चौथ्या टेकला ज्ञानांबाळ अम्मांचा हात थांबला होता. तो अभिनय नव्हता. त्या गाढ झोपल्या होत्या. तुम्ही हात उचलून टाकलात तरी जाग येऊ नये, इतक्या गाढ. अशी झोप दही-भातानं येत नाही."

"दमली होती ती."

"दमलेला माणूस हलवला की उठतो. तुम्ही कुणाला हलवू दिलं नाहीत. हा रिवाज तुमच्याइतका कोण मानतो? मयतात छाती पिटून ओरडलात तुम्ही त्याच्यासाठी. मग त्या वेळी, कॅमेरावाल्यानं आठवण केली तेव्हा, राहू दे कसं म्हणालात? तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर तोंडावर पाणी मारून हसवलं असतं तिनं. उठणार नाहीत हे तुम्हाला एकटीला माहीत होतं. अंजलैला तर आधीच घरी पिटाळलं होतंत." तो थांबला. "गाव म्हणतं, हसू राहिलं म्हणून त्या गेल्या. उलटं आहे. त्या जायला लागल्या होत्या, म्हणून हसू राहिलं."

पंकजवल्लीनं रुमाल मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घालत बसली. घडी नीट होईना. ती बोलायला लागली तेव्हा आवाजातला सिनेमा गेला होता.

"चाळीस वर्षं मी तिच्या मागं उभी राहिले, सार. तिला वारा घालायचा, तिची पत्रं पोचवायची, तिच्या लग्नात गायचं. पहिल्यांदा तीन पानं मिळाली मला. ती पण तिच्या प्रेतावर! आणि तिथेही लोक तिच्या हाताकडे बघून हसले." तिनं श्वास घेतला. "माझ्या रोजच्या झोपेच्या गोळ्या होत्या. चुरून फ्लास्कात घातल्या. मला त्यांनी नीट झोपही येत नाही, म्हणून जरा जास्त घातल्या. तिच्या हृदयाच्या औषधांचं डोक्यातच आलं नाही. मारायची असती तर चाळीस वर्षांत काय संधी मिळाल्या नव्हत्या? अहो, मैत्रीण होती माझी."

"ते मी मानतो. पण संध्याकाळी उठत नाहीत हे दिसल्यावर डॉक्टरकडे का नेलं नाहीत?"

तिनं भिंतीवरच्या फोटोंवरून नजर फिरवली.

"सीन चांगला झाला होता," ती म्हणाली. "डॉक्टर आला असता तर कसा चांगला झाला, ते सगळ्यांना कळलं असतं. वाटलं, झोपेल आणि सकाळी उठेल."

अरवामुदनला तिचा राग आला. आणि त्या रागातच तिची कीवही आली, हे त्याला मुळीच आवडलं नाही.

"ती हसली होती, सार," पंकजवल्ली अचानक म्हणाली. "गाडीत. देवाशपथ. माझ्या खांद्यावर डोकं होतं. मध्येच डोळे उघडले आणि विचारलं, पंकजम, हात हलला नाही ना गं? मी म्हटलं, नाही हलला. तर हसली. लहान मुलीसारखी हसली आणि परत झोपली. ते शेवटचं."

आता ती रडायला लागली. पडद्यावर ती इतकं वाईट कधीच रडली नव्हती. नाक वाहत होतं, आवाज फाटत होता.

"मला पकडाल?" तिनं विचारलं.

"राखेतून पुरावा निघत नाही, अम्मा. तुम्ही स्वतः सांगितलंत तरच. पण एक पोरगा स्वतःला खुनी समजून दिवस काढतोय. त्याच्या डोक्यावर हे तुम्ही ठेवलंत. तुम्हीच उतरवा."

६

ती आली. स्टुडिओच्या अंगणात, सगळ्या कामगारांसमोर, खुर्ची दिली तरी उभी राहून बोलली. गोळ्या, फ्लास्क, सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. शेवटी अंजलै पुढे झाली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. अरवामुदन पंकजवल्लीला स्वतः पोलीस ठाण्यात घेऊन गेला. पुढे कोर्टात काय व्हायचं ते होईल.

संघानं बंदी उठवली. आठवड्यानं कदिरवन पुन्हा पश्चिम मांबलमच्या ओसरीवर येऊन बसला. दाढी केली होती. अरवामुदनला वाटलं, आता पोरगा आभार मानेल, कॉफी पिईल आणि जाईल. जाऊ दे देवा, असं त्यानं मनात म्हटलंही.

"सार, एक विचारू?"

"विचार."

"मी हसू घेतलं असतं तर?"

अण्णांचा पेपर फडफडत होता. अरवामुदनच्या ओठांवर खोटं अगदी तयार होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यानं लोकांचं मन राखायला पुष्कळदा खोटं सांगितलं होतं. पण हा पोरगा खरं ऐकायला दोनदा त्याच्या दारात आला होता.

"उठवायला गेला असतास," तो म्हणाला. "त्या उठल्या नसत्या. डॉक्टर आला असता."

"आणि वाचल्या असत्या."

"बहुतेक."

कदिरवननं मान खाली घातली. "म्हणजे आई म्हणते ते खरंच की. मीच."

"नाही. गोळ्या तू घातल्या नाहीस आणि लपवल्याही नाहीस. ते आयुष्यात कधी स्वतःवर घेऊ नकोस." अरवामुदन त्याच्याजवळ सरकला. "पण रिवाजाचं म्हणशील, तर मला वाटतं, तंबी, यात शकुन-अपशकुन काही नाही. मेल्याचं सोंग घेतलेलं माणूस जिवंत आहे ना, हे घरी जाण्याआधी एकदा बघून घ्यावं, एवढंच कुणातरी जुन्या माणसानं ठरवलं असेल. नुसतं बघा म्हटलं तर कोण बघतो? म्हणून हसवा म्हणाला असेल."

कदिरवन उठला, वाकून पाया पडला आणि गेला.

मालिका पुन्हा सुरू झाली. काही महिन्यांनी तिच्यात आणखी एक मरण आलं, गर्दीत कामं करणारी एक म्हातारी प्रेत झाली. सीन चांगला झाला. उजेड जात होता, पुढचे शॉट राहिले होते आणि निर्मात्याचा माणूस घड्याळ दाखवून ओरडत होता. कदिरवननं कॅमेरा चालूच ठेवायला सांगितला. तो स्वतः जाऊन म्हातारीजवळ गुडघ्यांवर बसला. तिचा डोळा लागला होता.

"पाट्टी," त्यानं तिचा खांदा हलवला. "आजी. हसा."

ती हलली नाही. निर्मात्याचा माणूसही गप्प झाला. कदिरवननं तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं.

म्हातारीनं डोळे किलकिले केले. इतकी माणसं आपल्याकडे बघतायत हे पाहून ती बावरली, मग लाजली आणि तोंडात एकही दात नसलेलं हसू हसली. कदिरवन तिचा हात धरून तसाच बसून होता. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि कॅमेरा बंद करा म्हणायचं तो विसरून गेला होता.